चौदा नंबरचा पत्ता

४ एप्रिल, सोमवार

पोहोचलो. दोन ट्रंका, एक संगणक, एक गादी आणि ही वही, एवढ्या संसारासह. वही भिंगरीने दिली आहे. नऊ वर्षांच्या मुलीने बापाला रोजनिशी द्यावी आणि वर अटी घालाव्यात, हे आमच्याच घरात होऊ शकतं. अट पहिली, खरं तेच लिहायचं. अट दुसरी, ती इथे आली की पहिल्या पानापासून मोठ्याने वाचून दाखवायचं. अट तिसरी, तिचं खरं नाव कुठेही लिहायचं नाही, कारण वही भलत्याच्या हाती लागली तर? म्हणून भिंगरी. नाव घरातलंच आहे, एका जागी न थांबण्यावरून पडलेलं.

जागा मला आवडली. संस्था दृष्टिहीनांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करते. तळमजल्यावर मुद्रणांची कपाटं, पहिल्या मजल्यावर वाचनाच्या चार खोल्या आणि एक ऐकण्याची खोली, दुसऱ्यावर यंत्रांची खोली, तिला लागून माझी राहायची. जिना लाकडी, एकोणीस पायऱ्यांचा. खोलीला दोन खिडक्या आहेत. डावीकडच्या खिडकीतून रस्ता आणि फाटक दिसतं. भिंगरीचा पलंग तिथे मांडायचा, हे मी सामान खाली ठेवायच्या आत ठरवून टाकलं. टेपने मोजलं, चार बोटं जागा उरते. हे तिला आत्ता सांगणार नाही. येईल तेव्हा बघेल.

ही शाळेत शिकवते, तिचं वर्ष संपेपर्यंत दोघी तिकडे. तीस तारखेला येणार. जुनं ऑफिस बंद पडल्यावर सात महिने मी घरी होतो. त्या दिवसांत ही एकदाही टोचून बोलली नाही, आणि तेच जास्त टोचत होतं. त्यामुळे आज जिना चढताना मला अगदी तरुण वगैरे वाटलं. हे खरं आहे, म्हणून लिहिलं.

५ एप्रिल, मंगळवार

आज ताईंची ओळख झाली. तयार झालेलं प्रत्येक पुस्तक त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतात आणि चुका काढतात. जन्मतः दिसत नाही. पंचावन्नच्या असतील. काठी खिळ्याला टांगलेली, कानांवर हेडफोन, त्यातला एक कान नेहमी उघडा, जिन्याकडे. मी दारात नमस्कार म्हणायच्या आत त्यांनी मला सांगितलं की माझ्या डाव्या बुटाच्या टाचेचा खिळा सुटलाय आणि मी अकराव्या पायरीवर दम घेतला, म्हणजे चाळिशी उलटलेली दिसते. चव्वेचाळीस, असं मी कबूल केलं. मग ठीक आहे, त्या म्हणाल्या, व्यवस्थापक तर सातव्यालाच थांबतात आणि कोणाचा तरी फोन आल्याचं सोंग करतात.

इथली सगळी माणसं ताईंना पावलांवरून आणि आवाजावरून माहीत. मला त्या लगेच भाऊ म्हणायला लागल्या.

मला कशासाठी ठेवलंय तेही त्यांच्याकडूनच नीट कळलं. वाचनखोल्यांतली मुद्रणं एकमेकांत मिसळतात. गेल्या महिन्यात एका रहस्यकथेत खुनी कोण ते कळणार, इतक्यात गुलाबांना पाणी कधी घालावं ते सुरू झालं. एका वाचकाने पत्र पाठवून विचारलं की माळ्यानेच खून केला असं समजायचं का.

६ एप्रिल, बुधवार

दुखणं सापडलं. भिंगरी, हे तुला वाचून दाखवताना समजावं म्हणून सोपं लिहितो. एकमेकांशी जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो, घराच्या क्रमांकासारखा. इथे तो पत्ता राउटर नावाचा डबा रोज सकाळी वाटतो, जो आधी चालू होईल त्याला आधी. म्हणजे काल जे तिसऱ्या क्रमांकाच्या घरात राहत होतं ते आज पाचव्यात. पोस्टमन मात्र जुन्याच यादीने पत्रं टाकत फिरतो. यावर उपाय म्हणजे प्रत्येक यंत्राला कायमचा पत्ता लिहून द्यायचा.

यंत्रांवर लिनक्स आहे, कोणालाही फुकट वापरता येते आणि उघडून आत बघता येते अशी प्रणाली. पत्ता एका साध्या फाइलमध्ये लिहायचा असतो. आपला क्रमांक कोणता, बाहेर जाण्याचं दार कोणतं, नावं विचारायची कोणाला, एवढंच. पण ओळीच्या आधीच्या मोकळ्या जागांची शिस्त अशी कडक की एक जागा कमी पडली तरी फाइल रुसते. पहिल्या खोलीच्या यंत्राने मला तासभर रुसून दाखवलं. शेवटी चूक माझीच निघाली. मला अशा वस्तू आवडतात, ज्यांच्याशी भांडताना चूक आपली निघते.

७ एप्रिल, गुरुवार

कपाटात आधीच्या तंत्रज्ञाचं रजिस्टर मिळालं. त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. सतरा वर्षं इथे होते, राहायलाही माझ्याच खोलीत. अक्षर मोत्यासारखं. एका पानावर एक पत्ता, तो कोणत्या यंत्राचा, कधी दिला. यंत्र मोडीत निघालं की त्या पत्त्यावर लाल रेघ आणि खाली दोघांच्या सह्या, मास्तरांची आणि व्यवस्थापकांची. असं रीतीने चाललेलं काम बघितलं की बरं वाटतं.

पहिल्या पानावर त्यांचा नियम आहे. तो इथे उतरवून ठेवतो: ‘पत्ता देण्यापूर्वी त्या पत्त्यावर हाक मारून पाहावी. तीन वेगवेगळ्या दिवशी. उत्तर न येणे म्हणजे घर रिकामे असणे नव्हे.’

हाक म्हणजे यंत्राकडून धाडायची एक छोटी चौकशी, आहे का कोणी? समोर यंत्र असेल तर तेही तेवढंच छोटं उत्तर देतं. बंद असेल तर देत नाही. म्हणून तीन दिवस. मला नियम पटला. चारही वाचनखोल्या आणि ताईंचं यंत्र यांच्यासाठी मी आजपासून हाका मारायला घेतल्या.

८ एप्रिल, शुक्रवार

आज एक गोष्ट केली. मोठी नाही, पण खरं लिहायचं ठरलंय.

माझ्या स्वतःच्या संगणकाला पत्ता द्यायचा होता. संध्याकाळी सात वाजता घरून फोन येतो आणि सातला पाच कमी होते. रजिस्टरमध्ये चौदाचं पान उघडलं. मास्तरांचं स्वतःचं यंत्र, तारीख सतरा वर्षांपूर्वीची. लाल रेघ नव्हती. मास्तर आता इथे नाहीत, रेघ मारायची राहिली असेल, असं मी धरलं. एकदाच हाक मारली. उत्तर नाही. तेवढ्यात फोन वाजला. मी एका हाताने फोन उचलला आणि दुसऱ्या हाताने चौदा लिहून फाइल लागू केली.

पंधरा मोकळा होता. विसावं पान तर कोरंच होतं. चौदाच का घेतलं? ते पान उघडं होतं म्हणून, बस.

भिंगरी विचारत होती, माझी खोली कशी आहे. मी म्हटलं, गुपित.

११ एप्रिल, सोमवार

वाचनखोल्यांची तीन दिवसांची हाक पुरी झाली, पत्ते दिले. सगळं मुद्रण आपापल्या जागी जायला लागलं. व्यवस्थापक खूश. ताई म्हणाल्या, आता माळी सुटला बिचारा.

माझ्या यंत्राचं मात्र चालता चालता अडतं. जोडणी मधेच जाते, मिनिटाभराने येते. केबल बदलून पाहिली.

दुपारी ताईंनी विचारलं की मी आज वर दोनदा का गेलो, खाली एकदाही न उतरता. मी हसलो. त्या हसल्या नाहीत. टाचेचा खिळा तोच होता, म्हणाल्या, फक्त दुसऱ्या वेळी अकराव्या पायरीवर थांबला नाहीत.

१३ एप्रिल, बुधवार

अडण्याचं कारण कळलं. चौदा या पत्त्यावर दोघं आहेत.

पत्ता आपण देतो, पण प्रत्येक यंत्राच्या अंगात कारखान्यातच कोरलेला एक क्रमांक असतो, जन्मखुणेसारखा. राउटरच्या यादीत चौदासमोर कधी माझ्या यंत्राची जन्मखूण दिसते, कधी दुसरीच. दोन यंत्रांचा पत्ता एक झाला की भांडण वगैरे होत नाही. हाक आल्यावर जो आधी ओ देतो, टपाल त्याला मिळतं. दुसऱ्याला कळतसुद्धा नाही की आपल्या नावाचं काही आलं होतं.

म्हणजे मास्तरांचं यंत्र कुठेतरी चालू आहे. इमारतीतली सगळी यंत्रं मोजली. सहा. जोडण्याही सहाच.

१५ एप्रिल, शुक्रवार

सातचा फोन आला नाही. सव्वासातला मीच केला. हिने उचलला आणि म्हणाली, काय विसरलात आता? मी विचारलं, म्हणजे? तर म्हणाली, आत्ताच तर पाऊण तास बोललात, साडेसहाला तुम्हीच फोन केलात.

मी केला नव्हता. माझ्या फोनमध्येही तसं काही दिसत नाही. मी थट्टेवारी न्यायला गेलो, तर मागून भिंगरीचा आवाज आला, डावीकडच्या खिडकीपाशी माझा पलंग आणि चार बोटं जागा उरते, मला सांगितलंस तसं आईलाही सांग ना, बाबा.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. फक्त इथे लिहिलं आहे.

मी विसरतो आहे का? मनाचा हिशेब नीट लावायला बसलो. साडेसहाला मी राउटरसमोर होतो. तसा साक्षीदार कोणी नाही.

१८ एप्रिल, सोमवार

पहारेकरीकाकांना मास्तरांबद्दल विचारलं. आधी उडवाउडवी, मग चहा झाल्यावर बोलले.

मास्तरांचं कुटुंब तिकडे लांब होतं. बायको आणि मुलगी. दर महिन्याला मास्तर सांगायचे, या अखेरीला माझी माणसं येणार. महिनाअखेरच्या शनिवारी खोली झाडायचे, तीन कप मांडायचे आणि दार उघडं टाकून जिन्याकडे तोंड करून खुर्चीत बसायचे. सतरा वर्षं. कोणी आलं नाही. मुळात कोणी होतं का, अशी लोकांना शंका यायला लागली होती. गेल्या सप्टेंबरात अशाच एका शनिवारी ते खुर्चीतच गेले. सोमवारी ताईंच्या लक्षात आलं, की वरून पावलं आलीच नाहीत.

काकांनी भेट देणाऱ्यांची वही काढून दाखवली. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मास्तरांच्या मोत्यासारख्या अक्षरात एकच ओळ, आधीच लिहून ठेवलेली. पत्नी व मुलगी. येण्याची वेळ, आणि पुढे रिकामं.

मग काका सहज म्हणाले, तुमचीपण लिहिलीत की साहेब, सकाळीच.

पान उलटलं. ३० एप्रिल, शनिवार. पत्नी व मुलगी. येण्याची वेळ, रिकामं. अक्षर माझं आहे. माझंच. फक्त मी लिहिलेलं नाही.

१९ एप्रिल, मंगळवार

जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत मास्तरांचं यंत्र सापडलं. वर बोटभर धूळ. वीज नाही, केबल नाही. मागची पत्र्याची पट्टी पुसली आणि जन्मखुणेचा क्रमांक वाचला. राउटरच्या यादीत दिसतो तोच.

वर येऊन चौदावर हाक मारली. आधी माझं यंत्र बंद केलं, केबल काढून हातात धरली आणि ताईंच्या यंत्रावरून हाक मारली. उत्तर आलं. लगेच. वाटच बघत असल्यासारखं.

२० एप्रिल, बुधवार

ताईंना सगळं सांगितलं. दुसरं कोणाला सांगणार? त्यांनी हेडफोन काढून त्याची वायर गुंडाळली. मग जे म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहितो.

“भाऊ, वर तुम्ही दोघं आहात हे मला अकरा तारखेच्या सोमवारपासून माहीत आहे. आवाज एकच आहे. मी हाक मारली की जो आधी ओ देतो, त्याला मी तुम्ही समजते. कधी तुम्ही असता.”

मी विचारलं, आत्ता कोण आहे? त्या म्हणाल्या, घाबरलेला तो तुम्ही. त्याला कसली घाई नाही.

मी म्हटलं की चूक माझी आहे, नियम मी मोडला. पत्ता त्यांचा, रेघ मारलेली नव्हती, मी घुसलो. तो परत करून टाकतो. दुसऱ्याची वस्तू बाळगून झोप येत नाही मला. त्यावर ताईंनी माझा हात चाचपून धरला. असं त्या कधी करत नाहीत.

“जागा सोडू नका. अर्धी तरी आहे तुमच्याकडे.”

२२ एप्रिल, शुक्रवार

दोन दिवस विचार केला. ताईंचं म्हणणं भीतीपोटी आहे, न्यायाला धरून नाही. आणि मला खरं तर दोन गोष्टी हव्या आहेत, योग्य ते करणं आणि यातून सुटणं. दोन्हींचा रस्ता एकच निघाला, म्हणून मला त्याच्यावर संशय यायला हवा होता का? पण तरी जे दुसऱ्याचं ते दुसऱ्याचं.

दुपारी चार वाजता फाइल उघडली. चौदा पुसलं, माझ्या यंत्राला पत्ता देणं पुन्हा राउटरवर सोडलं. मोकळ्या जागा नीट मोजल्या. लागू केलं. रजिस्टरमध्ये चौदाच्या पानावर लिहिलं, ‘चुकीने घेतला होता, परत केला’, आणि सही केली.

एकदम शांत वाटलं. जोडणी अडली नाही. सात महिन्यांत प्रथमच खांद्यावरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं.

सातला फोन आला नाही.

२३ एप्रिल, शनिवार

खाली जाऊन ताईंना नमस्कार म्हटलं. त्या ऐकत बसल्या होत्या. पुन्हा म्हटलं. उघड्या कानाच्या बाजूला जाऊन म्हटलं. चेहऱ्यावर काही नाही. मला वाटलं रागावल्या. मी टेबलावर टिचकी मारली.

त्यांनी मान वर केली, जिन्याच्या दिशेने. माझ्या नाही. आणि हसून म्हणाल्या, या भाऊ, आज अकराव्याला थांबला नाहीत?

दारात कोणी नव्हतं. पण त्या बोलत राहिल्या, आणि मधे मधे थांबून ऐकत होत्या.

२४ एप्रिल, रविवार

हिला फोन केला. वाजला, तिने उचलला. हॅलो, हॅलो म्हणाली. मी बोलत होतो. ओरडतसुद्धा होतो. ती दुसऱ्या कोणाला म्हणाली, कोणी बोलतच नाही गं. ठेवला.

अकरा वेळा केला. शेवटी तिने बंद करून ठेवला. तिची चूक नाही. मीही तेच केलं असतं.

२५ एप्रिल, सोमवार

पंधरा घेऊन पाहिला. विसावं पान. चाळीस. तीन दिवस हाक मारायला वेळ कुठला आता. फाइल रुसत नाही, सगळं बरोबर म्हणते. पण कोणालाही हाक मारली तरी एकच ओळ येते, तिथे जायला वाट नाही.

व्यवस्थापकांनी माझ्या तोंडावर दार लावलं. मुद्दाम नाही. वारा आला म्हणून.

२६ एप्रिल, मंगळवार

निघालो घरी. सरळ स्टेशन गाठलं. रांगेत उभा राहिलो. खिडकीवरच्या माणसाने तिकीट माझ्या मागच्याला दिलं. तीनदा. बिनतिकीट चढायला हवं होतं. फलाटावर गाडी उभी होती, दार उघडं होतं, कोणी अडवलं नसतं. मी आयुष्यात कधी बिनतिकीट बसलेलो नाही. उभा राहिलो. गाडी गेली.

मग वाटलं, मी तिकडे पोहोचलो आणि त्या इकडे निघाल्या तर? इथे दार उघडायला कोण असेल?

परत आलो. काकांनी वहीत माझी नोंद केली नाही. करायला पाहिजे असं त्यांना वाटलंच नाही.

२८ एप्रिल, गुरुवार

ऐकण्याच्या खोलीतून माझं हसू ऐकलं. माझंच, शेवटी नाकात जातं ते. तो माळ्याचा विनोद सांगत होता. माझ्यापेक्षा चांगला सांगतो. ताई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

पावलं वाजली. डावी टाच, खिळा. मी खाली बघितलं. माझे पाय अनवाणी आहेत. बूट कधी काढले आठवत नाही.

२९ एप्रिल, शुक्रवार

खोली झाडलेली. मी नाही झाडली. पलंग डाव्या खिडकीपाशी. तीन कप.

खुर्ची जिन्याकडे तोंड करून.

मी बाहेर आहे. सगळ्यात वरच्या पायरीवर. वही माझ्याजवळ आहे, हे एक त्याला जमलं नाही. एकच गोष्ट ठरवली आहे. ती हाक मारेल. मी आधी ओ द्यायची. बस, आधी. तिला ऐकू येईल. ती माझी आहे, तिला येईल.

३० एप्रिल, शनिवार

सकाळपासून पायरीवर. लिहीत राहतो, म्हणजे जागा धरून राहतो.

फाटक वाजलं. काका म्हणतायत, आलात का, साहेब किती दिवस वाट बघतायत. वहीत वेळ लिहितायत. अकरा दहा. सतरा वर्षांत पहिल्यांदा त्या रकान्यात वेळ.

तिची पावलं. दोन दोन पायऱ्या. हिचा आवाज, अगं सावकाश, पडशील.

बाबा, अशी हाक मारली.

मी ओ दिली. आधी दिली. मी आधी दिली, शपथेवर सांगतो, माझा आवाज आधी —

आतून आला. आलो, आलो. सावकाश. घाई नसल्यासारखा.

ती माझ्या अंगावरून गेली. तिच्या फ्रॉकचा काठ माझ्या हाताला लागला. ती थांबली, काठ झटकला, कोळिष्टक लागल्यासारखा. आत पळाली. ही मागून. दमली आहे, केस पांढरे दिसतायत थोडे. माझ्याकडे बघून — माझ्या मागच्या दाराकडे बघून हसली. सात महिन्यांत अशी हसली नव्हती.

दार लोटलं.

पलंग आवडला तिला. उड्या मारतेय.

आता म्हणतेय, वही? लिहिलीस का? वाच ना, पहिल्यापासून.

वही माझ्या मांडीवर आहे.

तो वाचतोय. पोहोचलो, दोन ट्रंका, एक संगणक, एक गादी. शब्द न् शब्द. ती हसतेय बरोबर जागी. माळी. गुलाब. तो भीतीचं गाळतो आणि पुढे जातो, तिला कळत नाही काही गाळलंय ते. अकरा दहापर्यंत आला. दोन दोन पायऱ्या. आता मी जे लिहितोय तेच तो —

मी लिहायच्या आधी वाचतोय. मी ‘आधी’ लिहायच्या आधी तो आधी म्हणाला.

एक उरलंय. एकच जे मी कुठे लिहिलं नाही. फोनवर कधी घेतलं नाही, इथे कोणाला सांगितलं नाही. तिचं नाव. ते त्याला माहीत नाही. ते मोठ्याने म्हणतो, ती वळून बघेल, बघावंच लागेल. अट मोडतो, पिल्ला, माफ कर. ते लिहितोही, मोठ्या अक्षरात, इथे. तुझं नाव

आत तो वाचायचा थांबला. आणि अगदी हळू, लाडाने, त्याने